टप्पा कितीचा?

गौरी-गणपतींचं विसर्जन होऊन चार-पाच दिवस झाले होते. डब्यात तळणीचे मोदक अजून शिल्लक होते आणि जेवणाच्या टेबलावर माझा लॅपटॉप उघडा होता. पुणे ते श्रीविजयपुरम, म्हणजे आपलं जुनं पोर्ट ब्लेअर. भाऊबीज झाल्यावरचा शनिवार. चार माणसं. माणशी १४,२०० रुपये. बायको म्हणाली, "थांब, आईंना विचारू, पहाटेची वेळ चालेल का." आई गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती. ती आली, खुर्चीत टेकली, चष्मा शोधला, पडद्याकडे बघून चालेल म्हणाली. मी पुढचं बटण दाबलं तर माणशी १५,९००.

"काय झालं?" आईने विचारलं.

"भाडं वाढलं."

"कधी?"

"आत्ता. तू चष्मा शोधत होतीस तेव्हा."

चौघांचे मिळून ६,८०० रुपये. आई हसेल असं वाटलं होतं, पण ती हसली नाही. तिने चष्मा काढून पदराने पुसला आणि म्हणाली, "गाडी तीच, गाव तेच, मग भाडं कसं काय वाढलं?"

हा प्रश्न कुणा अर्थतज्ज्ञाचा नव्हता, कंडक्टरच्या बायकोचा होता. आमचे अण्णा कराड आगारात कंडक्टर होते. आमच्या घरात भाडं या शब्दाला एकच अर्थ होता, तो म्हणजे टप्पा. एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा. गाव किती टप्प्यांवर आहे ते मोजायचं, कोष्टकात बघायचं, तेवढ्या पैशांची तिकिटं ट्रेमधून फाडायची आणि पंच मारायचा. माणूस लग्नाला चाललाय की दहाव्याला, त्याला आजच पोचायचंय की उद्या गेला तरी चालतंय, याच्याशी कोष्टकाला देणंघेणं नव्हतं. ज्याची आई सिव्हिल हॉस्पिटलात शेवटच्या घटका मोजतेय तोही तेवढेच पैसे द्यायचा आणि जो नुसता बाजार बघायला निघालाय तोही तेवढेच. अण्णांना त्यात काही थोर वाटत नसे. वजन किलोत आणि कापड मीटरमध्ये मोजतात, तसं भाडं टप्प्यात मोजतात, एवढंच.

आता एसटीची फार आरती ओवाळू नये हेही खरं. २०२५च्या जानेवारीत तिचं भाडं एका दमात १४.९५ टक्क्यांनी वाढलं. काही वर्षी दिवाळीत तीही दहा टक्के हंगामी वाढ घ्यायची. आणि खासगी ट्रॅव्हल्सवाले दिवाळीत काय करतात ते पुण्यात नोकरी करून विदर्भात आईवडील असलेल्या कुणालाही विचारा. एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडं घेऊ नये असा सरकारी नियम आहे. तो ज्यांनी पाळलेला पाहिला असे लोक माझ्या ओळखीत नाहीत. रेल्वेनेसुद्धा २०१६पासून राजधानी, शताब्दी, दुरांतोला चढतं भाडं लावलंच. दर दहा टक्के जागा भरल्या की भाडं दहा टक्क्यांनी वर, सुरुवातीला दीडपटीपर्यंत. म्हणजे टप्पा सगळीकडेच ढिला होत चाललाय. विमानात तो कधी घट्ट होता म्हणा!

अंदमान हे आईच्या डोक्यातलं खूळ. तिची शहात्तरी झाली. सोसायटीतल्या काकू जाऊन आल्या आणि त्यांनी सेल्युलर जेलच्या गॅलरीतले फोटो दाखवले, तेव्हापासून तिचं एकच. मराठी माणसाला अंदमान हे सहलीचं ठिकाण होण्याच्या आधीपासून माहीत आहे, काळं पाणी म्हणून. शाळेच्या पुस्तकात, गणपतीच्या देखाव्यात, पोवाड्यात ते भेटलेलं असतं. त्यामुळे हॅवलॉकचा निळा समुद्र बघायला जाणारे आमच्यासारखे लोकही सावरकरांच्या कोठडीपासून सुरुवात करतात. आईचं गुडघ्यांचं दुखणं दर हिवाळ्याला एक पायरी वर चढतंय, तेव्हा उशीर करण्यात अर्थ नव्हता. मुलीला शाळेची सुट्टी दिवाळीत. आणि दिवाळीत सुट्टी फक्त माझ्याच मुलीला नसते.

इथेच सगळी मेख आहे. ज्याला तारीख बदलता येते त्याच्यासाठी विमान स्वस्त असतं. शाळेत मूल, ठरलेली रजा आणि दुखते गुडघे हे तिन्ही ज्याच्या घरात आहे, त्याला तारीख बदलता येत नाही, हे यंत्राला बरोबर कळतं. त्याला आपलं नाव-गाव माहीत नसेल, पण दिवाळीनंतरच्या शनिवारी चार तिकिटं मागणारा माणूस अडलेला आहे, एवढं कळायला नाव-गाव लागत नाही.

मुलीचं म्हणणं, "बाबा, तुम्ही सारखं सारखं बघता म्हणून वाढतं. इनकॉग्निटोमध्ये उघडा." ऑफिसातल्या एकाचं म्हणणं, मंगळवारी मध्यरात्री बघ. दोन्ही करून पाहिलं. मध्यरात्रीही १५,९००च होते. मग एकदा सहज म्हणून चारऐवजी एकच प्रवासी टाकला, तर भाडं १३,८००! दोन टाकले, १३,८००. तीन टाकले आणि पुन्हा १५,९००.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला, आणि नंतर तिकीट एजन्सी चालवणाऱ्या मित्राने त्यावर शिक्कामोर्तब केलं. विमानात खुर्च्या सगळ्या सारख्या दिसत असल्या तरी विकताना त्यांचे गठ्ठे केलेले असतात. या भावाला इतक्या, त्याच्या वरच्या भावाला इतक्या, अशी उतरंड. तळातलं मडकं रिकामं झालं की वरच्याला हात. आणि एका वेळी चार तिकिटं मागितली आणि स्वस्त मडक्यात दोनच उरली असतील, तर यंत्र दोन स्वस्त आणि दोन महाग असं देत नाही. चारही वरच्या मडक्यातली देतं. चार माणसांचं एकत्र कुटुंब म्हणून आपण एकत्र तिकिटं काढतो, आणि त्या एकत्रपणाचेच पैसे लागतात. कोणी तिकीट सोडलं की मडक्यात पुन्हा भर पडते, म्हणून भाव मधूनच उतरतोही. टूर कंपन्या दिवाळीच्या जागा सहा-आठ महिने आधी ठोक उचलून ठेवतात, तेव्हा तळातली मडकी आपण पाहायच्या आधीच अर्धी झालेली असतात.

मी दोन-दोन अशी तिकिटं काढायचं ठरवलं. ४,२०० रुपये वाचत होते. आई आणि मी एका पीएनआरवर, बायको आणि मुलगी दुसऱ्या. बायको म्हणाली, "आणि एकच विमान रद्द झालं तर?" मी म्हटलं, विमान एकच आहे, रद्द झालं तर चौघांचं होईल. ती म्हणाली, "तसं नाही. दुसऱ्या विमानात दोघांनाच जागा दिली तर?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण ४,२०० रुपये होते.

त्याहून मोठा मोह पुढे होता. पुण्याहून अंदमानला थेट विमान नाही. चेन्नई, बंगळूर, कोलकाता असं कुठेतरी बदलावं लागतं. पुणे-चेन्नई एका कंपनीचं आणि चेन्नई-अंदमान दुसऱ्या कंपनीचं, अशी दोन सुटी तिकिटं काढली तर आणखी सहा हजार वाचत होते. मित्राने फोनवरच झापलं. एका तिकिटावरची दोन विमानं असली आणि पहिलं लेट झालं, तर पुढे पोचवायची जबाबदारी कंपनीची. दोन वेगळी तिकिटं असली तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत, तिकीट बुडालं. आणि अंदमानचा विमानतळ नौदलाच्या तळावरचा, तिथली बहुतेक वर्दळ दिवसा उजेडी, तेव्हा एक चुकलं तर लगेच दुसरं मिळेल या भरवशावर राहू नये. बोटीचा विचार केला तर चेन्नईहून अडीच-तीन दिवस लागतात. मोह आवरला.

मग राहिली कंपनीची निवड. एक स्वस्तातली, एक जेवणखाण धरून तिकीट देणारी. दुसरी माणशी ३,१०० रुपयांनी महाग, म्हणजे चौघांचे १२,४०० जास्त. बायको बँकेत आहे. तिने पाठकोरा कागद घेतला. स्वस्त तिकिटात सीट निवडायचे पैसे वेगळे. न निवडाव्यात, तर चौघं चार दिशांना बसायची शक्यता. चौघांचे दोन उड्डाणांचे २,८००. आईला पाय पसरायला पहिल्या रांगेतली सीट हवी. इमर्जन्सी दाराजवळची मोकळी सीट म्हाताऱ्या माणसाला देत नाहीत, आणि ते योग्यच आहे, दार उघडायची वेळ आली तर आई आधी चष्मा शोधेल. पहिल्या रांगेचे ज्यादा ३,०००. ऑनलाइन पैसे भरल्याबद्दल 'सुविधा शुल्क' १,६००. ही सुविधा कोणाची ते मला आजतागायत कळलेलं नाही. तिकीट मी शोधलं, नावं मी टाइप केली, पैसे मी भरले, चेक-इन मी करणार, बोर्डिंग पास मी छापणार. अण्णा हे सगळं करायचे तेव्हा त्यांना महामंडळ पगार द्यायचं.

बेरीज ७,४००. म्हणजे १२,४००मधले पाच हजार उरले. बायको म्हणाली, "हॅवलॉकच्या फेरीबोटीचं जाण्याचं भाडं सुटतं. स्वस्तातलंच घे." घेतलं.

या स्वस्त विमानांचं मला खरं तर अप्रूप आहे, रागावलो तरी. २००३मध्ये कॅप्टन गोपीनाथांनी एअर डेक्कन काढली. तिच्यावर आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन होता, धोतर-चौकड्याचा कोट घातलेला, विमानाखाली उभा राहून वर बघणारा, तोच आता आत बसणार होता. त्या काळात एक रुपयाची तिकिटं निघाली. वर कर आणि शुल्कं असायची, पण माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांचा पहिला विमानप्रवास असल्याच तिकिटाने झाला. २००५-०६मध्ये स्पाइसजेट, गोएअर, इंडिगो आल्या. विमान उभं राहिलं की खर्च, उडालं की कमाई, या एका गणितावर सगळा खेळ. एकाच जातीची विमानं, एकशे ऐंशीच्या घरात खुर्च्या, अर्ध्या तासात माणसं उतरवून नवी चढवायची आणि पुन्हा उडायचं. फुकट जेवण बंद झालं, त्यात नुसतं जेवण वाचलं नाही, सफाईचा वेळही वाचला. आम्ही चेन्नईला उतरायच्या आधी हवाईसुंदरी पिशवी घेऊन कचरा गोळा करत आली, तेव्हा आई माझ्या कानात म्हणाली, "शेवटच्या स्टॉपला गाडी लगेच फिरवायची असली की तुझे अण्णापण असंच करायचे."

पण त्या खेळात किती भिडू बाद झाले बघा. एअर डेक्कन २००८मध्ये किंगफिशरमध्ये विरली, आणि २०१२मध्ये किंगफिशरच बसली. जेट एप्रिल २०१९मध्ये थांबली. गोएअरने पुढे गो फर्स्ट असं नाव घेतलं आणि मे २०२३मध्ये तीही जमिनीवर आली. प्रॅट अँड व्हिटनीची इंजिनं वेळेवर मिळत नव्हती हे तिने सांगितलेलं कारण. नोव्हेंबर २०२४मध्ये विस्तारा एअर इंडियात गेली. अकासा नवी आली, पण देशातल्या दर दहा प्रवाशांतले सहा इंडिगोचे, अशी आजची परिस्थिती. आठवडी बाजारात दहा भाजीवाल्या असतात तेव्हा कोथिंबिरीचा भाव वेगळा असतो आणि दोनच उरतात तेव्हा वेगळा, हे आईला सांगावं लागत नाही.

बाकी कारणंही आहेत. विमानाचं इंधन अजून जीएसटीत नाही. प्रत्येक राज्य त्यावर आपापला व्हॅट लावतं. महाराष्ट्रात तो २५ टक्के होता, २०२३मध्ये मुंबई, पुणे आणि रायगडसाठी १८वर आणला. दर महिन्याच्या एक तारखेला तेल कंपन्या नवा भाव लावतात. विमानं बहुतेक भाड्याने घेतलेली, आणि ते भाडं डॉलरमध्ये, त्यामुळे रुपया घसरला की आपलं पुणे-नागपूरसुद्धा महागतं. हे सगळं मी आईला समजावून सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे माझ्या चष्म्यामुळे नाही ना?"

निघायच्या तीन आठवडे आधी मेसेज आला. पहाटे सहाचं विमान आता रात्री दोन चाळीसला. कारण 'ऑपरेशनल'. वेळ एवढी बदलली तर पैसे परत किंवा दुसरं विमान मागता येतं हे मला माहीत होतं. तसं मागायलाही गेलो. दुसरं विमान दुसऱ्या दिवशीचं होतं, हॉटेलचं आगाऊ भरलेलं. पैसे परत घेतले असते तर नवं तिकीट २२,०००च्या पुढे. तेव्हा अधिकार वापरला नाही. दोन पीएनआर असल्यामुळे 'मान्य आहे' हे बटण मात्र दोनदा दाबावं लागलं.

(एक गोष्ट लिहून ठेवतो, कुणाच्या उपयोगी पडली तर पडली. 'नॉन-रिफंडेबल' तिकीट रद्द केलं किंवा विमान चुकलं, तरी सरकारी कर आणि विमानतळाचं यूडीएफ म्हणजे विकास शुल्क हे परत मिळायला हवेत असा डीजीसीएचा, म्हणजे सरकारी विमान वाहतूक खात्याचा, नियम आहे. आणि रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यापेक्षा जास्त घेता येत नाही. मागितल्याशिवाय फारसं कोणी देत नाही.)

आदल्या दिवशी घरात वजनांचा उत्सव. केबिन बॅग सात किलो, खाली टाकायची पंधरा. बॅगा लटकवून तोलायचा काटा ऑनलाइन मागवला. आईने दिवाळीचा फराळ भरला होता. बुंदीचे लाडू, चकल्या, चिवडा, सगळं मिळून साडेचार किलो. "अंदमानात काय मिळतंय काय नाही." मी चिडलो, तर म्हणाली, "एसटीत कधी कोणी पिशवी तोलली नाही." हे मात्र मी खोडून काढलं. बाजारच्या दिवशी टपावर बोचकी, हारे, तेलाचे डबे चढले की अण्णा लगेज तिकीट फाडायचे आणि त्यावरून भांडणंही व्हायची. कोंबड्या नेणाऱ्या एका बाईने त्यांना ऐकवलं होतं, "माझ्या मांडीवर बसल्यात त्या, तुमच्या सीटवर नाहीत." हा युक्तिवाद विमानतळावर करून बघायला हवा. तात्पर्य, सामानाचे पैसे वेगळे घेणं हा काही या कंपन्यांचा शोध नव्हे. फरक इतकाच, की अण्णा वाद घालायला समोर उभे असायचे.

आईच्या बॅगेतून मी सुक्या खोबऱ्याच्या चार वाट्या काढल्या. खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं, म्हणून खाली टाकायच्या सामानात चालत नाही. तिला हे पटलं नाही. ती तेलाच्या घाण्याच्या घरात वाढलेली, खोबरं आपोआप पेटलेलं तिने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

रात्री साडेअकराला लोहगाव. नवी टर्मिनल इमारत २०२४च्या जुलैत सुरू झाली, ती खरंच झकास आहे. धावपट्टी मात्र हवाई दलाची. व्हीलचेअर आधीच सांगून ठेवली होती, तिचे पैसे लागत नाहीत. आई म्हणाली, "मी काय आजारी आहे?" मग सिक्युरिटीची रांग बघितली आणि मुकाट बसली. ढकलणारा मुलगा लातूरकडचा निघाला, दोघांच्या गप्पा विमानाच्या दारापर्यंत पुरल्या.

पहिल्या रांगेत पाय पसरायला जागा मिळाली, पण समोर सीट नसल्यामुळे गोळ्यांची पिशवी उडताना-उतरताना वर ठेवावी लागते. ती वर गेली तसा आईचा जीव खाली-वर. शेजारच्या तरुणाने पोहे मागवले, कागदी पेल्यात गरम पाणी ओतून आठ मिनिटं झाकून ठेवायचे ते. आईने ती सगळी आठ मिनिटं त्या पेल्याकडे पाहिलं. मग त्याने झाकण काढलं, तेव्हा तिने आपला डबा उघडला आणि एक दशमी, शेंगदाण्याची चटणी त्याच्यापुढे धरली. त्याने नको म्हटलं, मग घेतली. पैसे किती दिले ते तिने त्याला विचारलंच. मला नंतर म्हणाली, "सीटचे वेगळे, खाण्याचे वेगळे, पाय लांब करायचे वेगळे. मग पंधरा हजार कशाचे घेतले?"

मी म्हटलं, पोचवायचे. पण हा हिशेब तिच्या बाजूने पाहिला तर विचित्रच आहे. महाराष्ट्रात एसटीत पंच्याहत्तरी उलटलेल्यांना तिकीट नाही. ती आधार कार्ड दाखवते आणि कराडला फुकट जाते. रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत २०२०च्या मार्चपासून बंद आहे. आणि विमानात वय वाढल्याने तिकीट वाढतं, कारण गुडघे वाढत्या वयाबरोबर येतात आणि गुडघ्यांना पहिली रांग लागते.

अंदमानबद्दल फार लिहीत नाही, सगळे लिहितात. सेल्युलर जेलचं मूळ बांधकाम १९०६मध्ये पुरं झालं. सात पाख्यांपैकी तीनच आता उभे आहेत. सावरकरांना तिथे ४ जुलै १९११ रोजी आणलं, बोटीने, बेड्या घालून. वरच्या मजल्यावरच्या त्या कोठडीपर्यंत आई जिना चढली, कठड्याला धरत, मध्ये दोनदा थांबत. मी तिला म्हटलं, राहू दे, खालून बघ. म्हणाली, "एवढे पैसे भरलेत."

खाली अंगणाच्या कडेला घाणा मांडून ठेवला आहे. कैद्याला त्याला जुंपत, दिवसाला तीस पौंड तेल काढायचं. मुलगी फोटो काढत होती. आईने दांड्याला हात लावून पाहिला. फिरायचा घेर पावलांनी मोजला. तिच्या माहेरचा घाणा मी लहानपणी पाहिलाय, बंद पडल्यानंतरचा, पडवीत उभा.

"आमच्याकडे बैल होता," ती म्हणाली.

मग बराच वेळ ती काहीच बोलली नाही. संध्याकाळच्या प्रकाश-ध्वनी कार्यक्रमाला थांबू या का म्हणून विचारलं, तर नको म्हणाली, पाय दुखतात.

येतानाचं विमान वेळेवर निघालं, वेळेवर पोचलं. पंधरा किलोच्या मर्यादेत मुलीचे शिंपले आणि आईचा साडेचार किलो फराळ, जसाच्या तसा, परत आला.

आम्हाला येऊन महिना-सव्वा महिना झाला असेल, डिसेंबर २०२५ उजाडला आणि टीव्हीवर एकच विषय. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले, इंडिगोकडे त्या हिशेबाने माणसं पुरेनात, आणि विमानं रद्द व्हायला लागली. एका दिवसात हजारांहून जास्त. पुण्याच्या टर्मिनलवर बॅगांचे ढीग, जमिनीवर पथारी पसरलेली कुटुंबं. लग्नसराई होती. उरलेल्या विमानांची भाडी कुठल्या कुठे गेली. यंत्राच्या दृष्टीने सगळं नियमाप्रमाणेच चाललं होतं, अडलेली माणसं वाढली होती आणि खुर्च्या कमी झाल्या होत्या.

मग सहा डिसेंबरला सरकारने भाड्यावर मर्यादा घातली. टीव्हीवर तक्ता दाखवत होते. ५०० किलोमीटरपर्यंत ७,५००. ५०० ते १००० किलोमीटर १२,०००. १००० ते १५०० किलोमीटर १५,०००. त्याच्या पुढे १८,०००.

आई भाजी निवडत होती. तिने मान वर केली, चष्मा नाकावर होताच, आणि तक्ता दोनदा वाचला.

"हे टप्पे आहेत की रे," ती म्हणाली.

"हो. पण थोड्या दिवसांसाठी."

"आपलं अंदमान कितव्यात बसलं असतं?"

पुणे ते अंदमान सरळ रेषेत मोजलं तरी दोन हजारांच्या वर जातं. शेवटच्या, मी सांगितलं. तिने मनातल्या मनात काहीतरी मांडलं. अण्णा तिकिटांच्या हिशेबाचं वेबिल भरायचे तेव्हा त्यांचे ओठ हलायचे, तसेच तिचे हलत होते.

"आणि काशी?"

मी फोनवर मोजलं. बाराशेच्या आसपास. "तिसऱ्यात. पंधरा हजारच्या आत."

"आजचं भाडं किती आहे?"

"आत्ता कुठे, आई. सकाळी बघतो."

"सकाळी वाढेल," ती म्हणाली, आणि मेथीची पुढची जुडी ओढली.